अंजिरी फेटा

मानसिंगचा सत्कार करायचं गावानं ठरवलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. अंजना माझ्या घरात पंधरा वर्षं नांदलेली. ती म्हणाली, "पित्त न्हाई त्ये. मानसिंग भावजींचा फेटा अडाकलाय तुमच्या घशात." आणि ताट उचलून आत गेली.

तिचं बरोबर होतं. मी जळत होतो. आता लपवून काय करू?

मानसिंग माझा चुलतभाऊ. आमचा आजा एक, शेताला बांध एक, वयात दोन महिन्यांचं अंतर, आणि मोठा मी. चावडीच्या ओसरीवर म्हाताऱ्या कुलकर्ण्यांनी आम्हाला मोडी शिकवली ती एकाच पोत्यावर बसवून. पुढं तो साताऱ्याला राहून मॅट्रिक झाला, मी उसाला पाणी पाजत राहिलो. लढाई लागली तेव्हा दोघंही फौजेत गेलो. मी शिपाई म्हणून भरती झालो, इटलीच्या डोंगरात हवालदार झालो आणि मांडीत तोफेच्या गोळ्याचा तुकडा घेऊन परत आलो. तो कारकून म्हणून गेला आणि कॅप्टन झाला, कारण त्याला इंग्रजी येत होतं. साऱ्या लढाईत त्याच्या अंगाला ओरखडा उठला असेल तर तो टाचणीचा.

लढाई संपल्यावर दिल्लीत त्याला एक अजब काम मिळालं. तिथल्या कायदेमंडळातले सभासद फौजेबद्दल प्रश्न विचारायचे. शिपायांना सुटी का मिळत नाही, जखमींचं काय केलं, घरी परतलेल्यांना कामधंदा कोण देणार, असलं सगळं. लष्कराच्या कचेरीनं त्याची उत्तरं काढायची. या दोघांच्या मधला माणूस म्हणजे मानसिंग. सभासदांना भेटायचं, त्यांचं म्हणणं साहेबाच्या कानावर घालायचं, साहेबाचं म्हणणं त्यांच्या गळी उतरवायचं, त्यांना छावण्या दाखवायला न्यायचं. मी त्याला निरोप्या म्हणायचो. गाव मात्र म्हणायचं, आपला मानसिंग दिल्लीत कायदेवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

आणि मी? पंचेचाळीस सालच्या दिवाळीआधी रहिमतपूरच्या स्टेशनात उतरलो, ट्रंक डोक्यावर घेऊन लंगडत गावात आलो. वेशीत एक कुत्रं भुंकलं. माझा सत्कार तेवढाच झाला.

याच्यात आणखी एक दुखणं होतं. आमच्या पंचक्रोशीत फेटा बांधावा तर नाथाजीनं, असं लोक म्हणतात. नवरदेव असो, जत्रेचा मानकरी असो, कुस्ती जिंकलेला पैलवान असो, त्याच्या डोक्याला हात माझा. मोजले नाहीत, पण पाचशे फेटे तरी बांधले असतील. माझ्या डोक्याला मात्र गावानं कधी फेटा बांधला नाही. लग्नातसुद्धा माझा मीच बांधून घेतला होता. पोरवयात मी आणि मानसिंग साताऱ्याला दसऱ्याची मिरवणूक बघायला गेलो होतो. तिथं घोड्यावरच्या एका सरदाराचा अंजिरी फेटा मी बघितला, आणि परत येताना सगळी वाट बडबडत राहिलो, की गाव मला एक दिवस असला अंजिरी फेटा बांधंल. मानसिंग तेव्हा हसला होता.

शेहेचाळीसच्या फाल्गुनात वर्तमानपत्रात मानसिंगचा फोटो आला. मोठमोठे सभासद खुर्च्यांवर आणि हा मागं ताठ उभा. आप्पासो पाटलांनी ते पान चावडीत सगळ्यांना फिरवून दाखवलं. माझ्या हातात देताना म्हणाले, "हवालदार, भाऊ असावा तर असा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात मी निनावी अर्ज लिहिला. आमच्याकडं कुणाचं बरं चाललेलं बघवलं नाही की माणूस निनावी अर्ज करतो. त्यात मी काही नवं केलं नाही. दिल्लीला गेलेले आमच्या भागाचे सभासद वकील होते. त्यांच्या नावानं लिहिलं. माझं बाळबोध अक्षर सगळ्या गावाला ओळखीचं, लोकांची पत्रं मीच लिहून देतो. म्हणून मी मोडीत लिहिलं. कुलकर्णी वारल्यापासून मोडी लिहिलीच नव्हती, मला ती येते हेही गाव विसरलं होतं, तेव्हा ते अक्षर कोण ओळखणार, असा माझा हिशेब. गावच्या टपालाचा शिक्का नको म्हणून गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेलो तेव्हा तिथल्या पेटीत टाकला. खाली सही केली, 'एक हितचिंतक'.

लिहिलं असं, की कॅप्टन म्हणून मिरवणाऱ्या या गृहस्थाला बंदूक कशाशी खातात ठाऊक नाही. सारी लढाई त्यानं पंख्याखाली काढली. ज्यांनी रक्त सांडलं त्यांना गावात कुत्रं विचारत नाही, आणि हा सभासदांच्या पंगतीला बसतो. शेवटी आणखी काहीतरी टोचणारं हवं होतं, तेव्हा शालूबाई आठवली.

शालूबाई आमच्याच भावकीतल्या कृष्णातची बायको. कृष्णात बेचाळीस साली मलायात बेपत्ता झाला. मेला म्हणून कागद नाही, जिवंत म्हणून पत्र नाही. शालूबाई कुंकू लावायची, पण बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. पुसून टाक असंही कुणी म्हणत नव्हतं. मी लिहिलं, याच्याच भावकीतली ही बाई कुंकू लावावं की पुसावं हे न कळून चार वर्षं बसली आहे, मेजवान्या झोडताना या गृहस्थानं एकदा तरी तिच्या नवऱ्याची चौकशी केली काय? शालूबाईची कणव आली म्हणून लिहिलं असं मी म्हणणार नाही. मानसिंगला टोचायला तिच्याइतकी धारदार टाचणी दुसरी नव्हती.

अर्जाचं पुढं काही झालं नाही. मानसिंगची नोकरी गेली नाही. दिवाळीला शालूबाईला सरकारी कागद आला, की कृष्णात त्रेचाळीस सालीच जपान्यांच्या कैदेत वारला. तिनं कुंकू पुसलं. सरकारला उशिरा जाग आली असं मी म्हटलं आणि विसरून गेलो.

सत्तेचाळीसच्या वैशाखात मानसिंगचं दिल्लीचं काम संपलं. सभासदांनी सह्या करून त्याला आभाराचं पत्र दिलं, तेही वर्तमानपत्रात आलं. तो महिनाभर रजेवर येणार म्हटल्यावर गावानं सत्कार ठरवला आणि आप्पासो माझ्या दारात आले. "हवालदार, फेटा तुमीच बांधायचा." नाही म्हणालो असतो तर सारं गाव समजलं असतं की नाथाजीच्या पोटात दुखतंय. मी म्हणालो, "बांधीन की. भाऊच हाय माझा."

भैरोबाच्या देवळापुढं मांडव घातला होता. सकाळी नऊचा सुमार. मानसिंग आला तो साध्या धोतर-सदऱ्यात. तेही मला खुपलं. गडी कॅप्टनचा पोशाख घालून मिरवला असता तर नावं ठेवायला सोपं गेलं असतं. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यानं टेबलावर ठेवलं.

मी फेटा हातात घेतला. भगवा होता, साताऱ्याहून आणलेला. आता एक गुपित सांगतो. फेट्याचा पहिला वेढा सैल ठेवला आणि वरचे कितीही ओढून बांधले, तर फेटा दिसायला झकास दिसतो. पण माणूस बोलायला उभा राहिला, चार वेळा मान हलली, की आतून सरकायला लागतो. दहा मिनिटांत वेढे कानावर येतात. मी पहिला वेढा सैल ठेवला. गावासमोर, भाषणाच्या ऐन रंगात त्याची फजिती व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

मानसिंग डोळे मिटून बसला होता. हळूच म्हणाला, "नाथा, लय दिसानं तुजा हात लागला रं डोक्याला." मी पाठीवर सोडलेला शेमला झटकून नीट केला आणि खाली येऊन पहिल्या ओळीत बसलो.

आप्पासो बोलले, शाळेचे चिंतामण मास्तर बोलले. मास्तर वाईचे, आठ वर्षं आमच्या गावात आहेत, जुने मोडी कागद लोक त्यांच्याकडूनच वाचून-लिहून घेतात. भाषण त्यांचं चांगलं होतं. मग मानसिंग उठला. दिल्लीच्या चार गोष्टी सांगता सांगता त्याचा फेटा सरकायला लागला. आधी एक वेढा भुवईवर आला, मग दुसरा कानावर. पोरं खुसखुसली. माझा जीव सुपाएवढा झाला.

मानसिंगनं फेटा दोन्ही हातांनी उतरवला, घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "फेट्याला बी कळतंय बघा. ह्यो मान माजा न्हवं, त्येला कसा ऱ्हाईल डोक्यावर?" मांडवात टाळ्या पडल्या. मी टाळ्यांसाठी बांधला नव्हता.

"मान कुणाचा, त्ये सांगतो," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून घडीचा कागद काढला. माझ्या अर्जाची निळी शाई मी लांबूनच ओळखली.

"वरसामागं आमच्या वकीलसाहेबांना ह्यो अर्ज आला. त्येंना मोडी येत न्हाई. त्येंनी मला बोलावलं, म्हणाले, कॅप्टन, तुमच्याकडचं दिसतंय, वाचून दाखवा. सभासदांचे कागद वाचून दावायचे, ह्येच तर माजं काम. आनि दिल्लीच्या त्या कचेरीत मोडी वाचनारा मी येकटाच." मानसिंगनं अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. बंदूक कशाशी खातात, पंख्याखाली काढलेली लढाई, सभासदांची पंगत. माझेच शब्द मला ऐकवत नव्हते. मागून कुणीतरी ओरडलं, "कोन रं त्यो? नाव सांगा त्येचं."

"थांबा," मानसिंग म्हणाला. "ह्यात येक अक्षर खोटं न्हाई. म्या गोळी झाडल्याली न्हाई. वकीलसाहेबांफुडं बी मी ह्ये सगळं जसंच्या तसं वाचलं, काय गाळलं न्हाई. काम करायचं तर असंच करावं लागतंय. पर फुडं ऐका."

मग त्यानं शालूबाईचं वाचलं.

"ह्ये वाचलं तवा मला माजी लाज वाटली. भावकीतली बाई, आनि म्या कवा चौकशी केली न्हवती. वकीलसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी सभागृहात प्रश्न टाकला, की बेपत्ता शिपायांच्या किती घरांना काय बी कळवल्यालं न्हाई? त्येचं उत्तर काढायचं काम माज्याकडंच आलं. सात म्हैने कागद धुंडाळले. आपल्या जिल्ह्यातल्या सत्तावीस घरांना त्या प्रश्नापायी कळलं, आपलं मानूस हाय का गेलं. तिघंजन जित्ते सापडले, दवाखान्यात. दिल्लीत माजं नाव झालं, सह्यांचं पत्र मिळालं, त्ये ह्याच कामापायी. आनि ह्या कामाची सुरवात ह्या अर्जानं झाली."

मांडवाच्या कडेला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून शालूबाई उठली. पांढऱ्या कपाळाची, डोईवरचा पदर हातानं धरून. बाप्या गड्यांच्या सभेत ती कधी बोललेली मी बघितली नव्हती.

"चार-पाच वरसं मी रोज सकाळी आरशाफुडं हुबी ऱ्हायची," ती म्हणाली. "कुकू लावू का नगं, ह्येच कळायचं न्हाई. सनाला नवी साडी न्हेसावी तर सासू रडायची, नाय न्हेसावी तर म्हनायची माज्या ल्योकाला मारतीस का. त्यो कागद आला तवा मी रडले. पर त्या राती झोपले बी. ज्यानं माज्यासाटनं लिव्हलं, त्येचं पाय मला दावा. मला दुसरं काय नगं."

माज्यासाटनं, म्हणाली ती. मी मान खाली घातली.

मानसिंगनं टेबलावरचं पुडकं उचलून सोडलं. आत फेटा होता. अंजिरी. उन्हात तो रंग झळकला आणि वीस वर्षांपूर्वीची साताऱ्याची वाट माझ्या डोळ्यांपुढं आली. "सांगलीस्नं मुद्दाम आनलाय," तो म्हणाला. "ज्यानं अर्ज लिव्हला त्यानं उठावं. गाव त्येला फेटा बांधंल."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्या मांडवाकडं बघितलं, फक्त पहिल्या ओळीत मी बसलो होतो तिकडं नाही. तेव्हा मला कळलं की याला सगळं ठाऊक आहे. एका पोत्यावर बसून ज्याच्या शेजारी मोडी गिरवली, त्याच्यापासून मी मोडीतच अक्षर लपवायला गेलो होतो.

उठावं की न उठावं? जन्मभर जे हवं होतं ते हातभर अंतरावर होतं. रंगसुद्धा तोच. पण उठलो असतो तर तो अर्ज कुणी लिहिला हे कळलं असतं, आणि का लिहिला हेही. सही का केली नाही, असं कुणीतरी विचारलंच असतं. भावाचं चांगलं बघवलं नाही म्हणून नाथाजीनं दिल्लीला अर्ज केला, हे आप्पासोंनी त्याच मांडवात म्हटलं असतं. आणि शालूबाई माझे पाय धरायला आली असती. मी तिला काय सांगणार होतो? तू मला टाचणी म्हणून लागलीस?

तरीही, खरं सांगतो, मी गुडघ्यावर हात ठेवला. मांडीतला तुकडा सलला, मी अर्धा उठलो. तेवढ्यात आप्पासोंचा आवाज आला.

"आता ह्यात इचारायचं काय? आमच्या गावात मोडी लिव्हनारं मानूस येकच. मास्तर, उठा."

सगळा मांडव मास्तरांकडं वळला. मास्तर गडबडले. "अहो, मी नाही. देवाशप्पथ मी नाही," म्हणाले. जितकं नाही म्हणाले तितकं लोकांना पटत गेलं, की मास्तरांचा मोठेपणाच तसा. दोघांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. मानसिंग काही बोलायला तोंड उघडत होता. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत एवढंच होतं की आता तरी बोल. मी अर्धा उठलेला खाली बसलो.

"हवालदार," आप्पासो म्हणाले, "या. मास्तरांना बांधा."

मी गेलो. अंजिरी फेटा हातात घेतला. मऊ होता, नीट पीळ बसणारा, असं कापड वर्षात एकदा हाताला लागतं. मास्तर खुर्चीत चुळबुळत होते. मी पहिला वेढा घातला आणि ओढून घट्ट केला. दुसरा त्याच्यावर, तिसरा त्याच्यावर. एक एक वेढा असा बसवला की वादळात हलू नये. पाचशे फेट्यांत असा फेटा मी कधी बांधला नव्हता. मास्तरांच्या पांढऱ्या केसांवर तो इतका शोभला की मला मास्तरांचा राग आला.

शालूबाई आली आणि वाकून मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तर कळवळून म्हणत होते, "बाई, मी नव्हे." मी तिथंच, दोन पावलांवर उभा होतो. उठताना तिची नजर माझ्यावर पडली. म्हणाली, "भावजी, लय झ्याक बांधलासा. मास्तरांना शोभतोय." मी म्हणालो, "व्हय."

महिन्याभरानं मानसिंग परत निघाला. सर्व्हिस मोटार वेशीत उभी होती. मी त्याची ट्रंक वर चढवली. त्या दिवसाबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. पाय वर ठेवता ठेवता तो थांबला.

"मास्तरांचा फेटा काय सुटला न्हाई रं, नाथा."

"घट्ट बांधला व्हता."

"व्हय. बघत व्हतो मी." मग म्हणाला, "रंग आवाडला का?"

"मास्तरांना आवाडला की."

"मी मास्तरांना इचारलं न्हाई," मानसिंग म्हणाला आणि मोटारीत बसला.

धूळ बसेपर्यंत मी उभा राहिलो. माझा सैल वेढा, माझा अर्ज, सगळं त्यानं आपल्या मोठेपणात जमा करून घेतलं होतं. वर मला चांगुलपणानं वागवून गेला. त्याचा तो चांगुलपणा मला त्याच्या कॅप्टनकीपेक्षा जास्त झोंबला. घरी आलो तर अंजनानं विचारलं, "ग्येले का भावजी?" मी म्हटलं, पित्त झालंय, आज जेवत नाही. या खेपेला तिनं नुसतं ताट उचललं. तिला अर्जाचं ठाऊक होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

मानसिंगवरचा जळफळाट आता जरा उतरलाय. जळायचं सुटलं मात्र नाही. शालूबाई दर सणाला मास्तरांच्या घरी ताट पाठवते. लोक रस्त्यात थांबून मास्तरांना रामराम घालतात. आणि दसरा आला, पाडवा आला, की मास्तर अंजिरी फेटा घडी घालून काखेत घेतात आणि बांधून घ्यायला माझ्याच ओसरीवर येतात.

परवाच्या दसऱ्याला आले होते. पाटावर बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, "नाथाजीराव, मी सगळ्यांना सांगून थकलो. हा फेटा माझा नव्हे हो. ज्याचा असेल त्यानं एकदा येऊन मागावा, मी या क्षणी उतरवून देईन."

मी पहिला वेढा ओढून घट्ट केला आणि म्हणालो, "मास्तर, मान हलवू नका."